उजवीकडचं स्टूल

फेब्रुवारी लागला की झाशीतल्या आमच्या नगरा मोहल्ल्यात दोन आवाज एकदम वाढतात. एक वरातींच्या बँडचा आणि दुसरा त्या बँडवाल्यांना शिव्या घालणाऱ्या आयांचा, ज्यांच्या घरात बोर्डाची परीक्षा असते. यंदा त्या आयांमध्ये मीही आहे. माझी मिहिका दहावीला आहे. सकाळी थंडी, दुपारी डोकं तापवणारं ऊन, ताटात रोज मटार आणि हवेत झाशीची ती कोरडी धूळ. परीक्षा देऊन मला तीस वर्षं झाली, पण या दिवसांत मला अजून पहाटे दचकून जाग येते.

काल दुपारी पाहिलं तर मिहिका पुस्तक मिटून फोनकडे टक लावून बसलेली. मी तोंड उघडणार तेवढ्यात तिनं हात वर केला.

"मम्मी, रुको ना. डॉट देख रही हूँ."

पडद्यावर एक निळा ठिपका होता. तो हळूहळू लहान होत चालला होता आणि त्याच्यावरून नजर हलवायची नव्हती. "इससे फोकस बढ़ता है," तिनं मला समजावलं. मिहिकाला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीतच येतं. माझी नजर तिच्या डोक्यावरून मागच्या भिंतीतल्या खिळ्याकडे गेली होती. हे माझं माहेरचंच घर, आणि त्या खिळ्याला पूर्वी कॅलेंडर असायचं. माझ्या दहावीच्या वर्षी बाबांनी ते काढलं आणि नुसता खिळा ठेवला. तो माझा ठिपका. खरं सांगायचं तर माझा आणि शुभांगीचा. हे 'आणि शुभांगीचा' लिहितानासुद्धा माझा हात जरा अडतोच.

बाबा रेल्वेत ड्रायव्हर होते. आता लोको पायलट म्हणतात, पण ते स्वतःला ड्रायव्हरच म्हणवतात. मागच्या खोलीच्या खिडकीतून रेल्वेची लाइन दिसते आणि पलीकडे होम सिग्नलचा, म्हणजे गाडीनं स्टेशनात शिरायचं की थांबायचं ते सांगणाऱ्या सिग्नलचा खांब. त्या खिडकीशी दोन लाकडी स्टुलं. इंजिनात ड्रायव्हर डावीकडे बसतो म्हणून डावं स्टूल बाबांचं. उजवं असिस्टंटचं, आणि सहा वर्षांची असल्यापासून ते माझं होतं. ड्यूटीवरून आलेला माणूस, अंघोळ करून, चहा घेऊन पुन्हा सिग्नलच बघत बसतो याचं आईला नवल वाटायचं. मला नाही वाटायचं. मला वाटायचं, ते माझ्यासाठी बसतात.

खेळ साधा होता. इंजिनातली दोन्ही माणसं सिग्नल मोठ्यानं बोलून दाखवतात. एकानं बघायचं, हात करायचा आणि बोलायचं. दुसऱ्यानं आपल्या डोळ्यांनी बघून तेच परत बोलायचं. "होम सिग्नल, हरा!" बाबा हात लांब करून म्हणायचे. "होम सिग्नल, हरा!" मी किंचाळायचे. बाबांचं काम सगळं हिंदीत चालायचं आणि रागावणं मराठीत. बिनबोलता पाहिलेलं डोळ्यांतून गळून जातं, असं त्यांचं म्हणणं होतं. डोळा, मग हात, मग तोंड, या तिघांना एका कामाला लावलं की मन एकटं कुठं भटकणार?

मी दहावीत गेले त्या हिवाळ्यात शुभांगी आली. तिचे वडील फौजेत हवालदार, साताऱ्याकडचे. बबिन्याच्या छावणीत क्वार्टर मिळेपर्यंत त्यांनी आमच्या शेजारी वरची खोली भाड्यानं घेतली होती. ती माझ्याच वर्गात बसू लागली. दोन घट्ट वेण्या, लाल रिबिनी आणि खणखणीत मराठी. आमचं घराणं पेशव्यांच्या काळात कारकुनीला इकडे आलं आणि इथलंच होऊन गेलं. आमची मराठी घरात वाढली आणि घरातच राहिली. मी एक वाक्य मराठीत सुरू केलं की मधे 'मतलब' आणि 'वो' यायचेच. आई कपाटाला फडताळ म्हणायची. पहिल्याच दिवशी शुभांगी त्यावर हसली.

"काकू, फडताळ तर माझी पणजी म्हणायची!"

बाबांना त्याचं इतकं कौतुक, की त्यांनी तिला पुन्हा पुन्हा बोलतं केलं. "बघ नंदे, कशी बोलते. एक शब्द हिंदी नाही." मी बघत होतेच. मला तेव्हाच ती आवडेनाशी झाली.

परीक्षेला तीन महिने राहिले तेव्हा बाबांनी आम्हा दोघींना समोरासमोर बसवलं. तुम्ही पोरी पुस्तक वाचता, पण बघत नाही, असं त्यांचं निदान होतं. मग त्यांनी त्यांच्या पद्धतीनं आमचे डोळे घडवायला घेतले. अभ्यासाला बसायच्या आधी भिंतीतल्या खिळ्याकडे बघायचं. किती वेळ? तर एक मालगाडी पूर्ण जाईपर्यंत. घड्याळ नाही. मालगाडी येणार, फडताळातली भांडी वाजणार, खिडकीची काच थरथरणार, वाघिणी एकामागून एक जात राहणार आणि नजर मात्र खिळ्यावर. बायकांना माहेरचा माणूस दारात आल्यावर जसं आत थांबवत नाही, तसं मला गाडी आल्यावर खिडकीकडे न बघणं अशक्य व्हायचं. शुभांगीला जमायचं. पहिल्या आठवड्यातच जमलं. तिच्या पापण्या हलायच्या, पण बुबुळं जागची हलायची नाहीत.

त्यानंतर पुस्तक. एक उतारा बघायचा, बोटाखालून ओळ जाऊ द्यायची, पुस्तक मिटायचं आणि एकीनं मोठ्यानं सांगायचं. दुसरीनं परत बोलायचं, पण फक्त तेवढंच, जे तिला स्वतःला दिसलं. नुसतं ऐकून परत बोलायचं नाही. दिसलं नसेल तर 'नाही दिसलं' असं म्हणायचं. आकृतीतला बाण कोणत्या बाजूला होता, नकाशात बेतवा कुठून वळते, गणितातलं चिन्ह अधिक होतं की उणे. "दिसलं नाही तर लाल समजायचं," बाबा म्हणायचे. "थांबायचं आणि पुन्हा बघायचं. थांबलेल्या गाडीनं कोणी मरत नाही."

शुभांगी दिवसातून दहा वेळा म्हणायची, "काका, मला न्हाई दिसलं." इतक्या सहज, जणू पाणी मागावं. आणि दर वेळी बाबा खूष व्हायचे. ती चुकली की खूष, ती बरोबर आली की त्याहून खूष. मला मात्र ते दोन शब्द बोलताच यायचे नाहीत. तिला दिसलं आणि मला दिसलं नाही, हे तिच्यासमोर आणि बाबांसमोर कबूल करायचं? मग मी तिचंच परत बोलायचे. आवाज जरा चढवून, म्हणजे खरं वाटावं.

मी तिच्यावर जळत होते. त्याला दुसरा शब्द नाही आणि मला शोधायचाही नाही. बाबा ड्यूटीवरून आले की पहिला प्रश्न, "शुभांगी आली का?" सदर बाजारातून त्यांनी दोघींसाठी लिहायचे पॅड आणले, एक हिरवं, एक निळं. हिरवं तिला दिलं. मी निळं घेतलं आणि आठवडाभर ते उशीखाली दाबून ठेवलं, कारण मला हिरवं हवं होतं. बाबांना कळलंच नाही. ज्यांना लांबच्या वळणावरून सिग्नलचा रंग दिसायचा त्यांना माझं तोंड दिसलं नाही, असं मला तेव्हा वाटलं आणि अजूनही कधी कधी वाटतं.

आता इतक्या वर्षांनी एक गंमत लक्षात येते. खिळ्याकडे बघायच्या वेळात मी बघत होते ते शुभांगीकडे. तिच्या उजव्या भुवईत एक केस वेगळ्या दिशेनं वळलेला होता. उजव्या हाताच्या मधल्या बोटाला शाईचा डाग असायचा आणि ती विचारात पडली की तो डाग अंगठ्यानं पुसायची. विरामचिन्ह आलं की तिचं नाक किंचित फुगायचं. त्या वर्षीचं भूगोलाचं एक पान मला आठवत नाही, पण शुभांगी मी आज चितारून दाखवीन. बाबांची पद्धत मला लागू पडली नाही असं कसं म्हणू? नजर घडली. फक्त माझा खिळा वेगळा होता.

आणि मग ती फेब्रुवारीतली संध्याकाळ. उजव्या स्टुलावर मी, डाव्यावर बाबा, मधे उभी शुभांगी. बाबांनी तिला म्हटलं, "आज तू बोल." तिनं हात लांब केला. तिचा आवाज नेहमीपेक्षा बारीक निघाला.

"होम सिग्नल, हरा!"

मी तिच्या रिबिनीकडे बघत होते. नवी होती. "होम सिग्नल, हरा!" मी तिच्याहून मोठ्यानं म्हटलं.

मग बाबा हळूच म्हणाले, "नंदे, बाहेर बघ."

सिग्नल लाल होता. लालभडक. गाडी त्याच्या अलीकडे थांबून होती.

"मीच तिला खोटं बोलायला सांगितलं होतं," बाबा म्हणाले. शुभांगीचे डोळे भरले होते. "काका, मी नको म्हणत हुते," ती पुटपुटली. तिचं ते वाईट वाटणं मला सगळ्यात जास्त झोंबलं. बाबा रागावले असते तर बरं झालं असतं. ते रागावले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "दिसलं नव्हतं तर तसं म्हणायचं होतं. त्यात लाज कसली?" मग ते म्हणाले, "ऊठ. तिला बसू दे."

चार शब्द. बोर्डाचा निकाल मी विसरले, पण हे चार शब्द विसरले नाही. मी उठले. शुभांगी बसेना, बाबांनी तिला बसवलं. परीक्षा संपेपर्यंत उजवं स्टूल तिचं होतं. मी मागच्या पलंगावर बसून त्या दोघांच्या पाठी बघायचे आणि एकामागून एक येणारे आवाज ऐकायचे. हरा, हरा. पीला, पीला. एप्रिलमध्ये तिच्या वडिलांची बदली आली आणि ती गेली. स्टूल परत माझं झालं, पण मी त्यावर बसले नाही. दुसऱ्याच्या उष्ट्या ताटात जेवायला बसल्यासारखं वाटायचं. बाबांनी एकदा हाक मारली, दोनदा मारली, मग सोडून दिली. पुढे माझं कॉलेज, नोकरी, झाशीतच लग्न. स्टूल रिकामं राहिलं.

शुभांगी आज साताऱ्याजवळ एका शाळेत गणित शिकवते. दर फेब्रुवारीत, बोर्डाच्या आठवडाभर आधी तिचा बाबांना फोन येतो. नमस्कार वगैरे काही नाही. फोन उचलला की "काका, होम सिग्नल?" आणि बाबा, पंचाहत्तरीचे बाबा, बसल्या जागी ताठ होऊन ओरडतात, "हरा!" मग ती सांगते की वर्गाच्या भिंतीत तिनं खिळा ठोकलाय. मालगाडी नाही, म्हणून मधल्या सुट्टीच्या गोंगाटात पोरं त्याच्याकडे बघतात. 'न्हाई दिसलं' म्हणणाऱ्याला ती शाबासकी देते. बाबांची पद्धत तिनं अशी कामाला लावली आणि मी त्याच घरात राहून खिळ्याला पिशव्या अडकवते. फोन संपल्यावर बाबा तासभर वेगळेच असतात. मी स्वयंपाकघरात भांडी जरा जास्त वाजवते.

दोन वर्षांपूर्वी आई गेली आणि आम्ही तिघं बाबांकडे राहायला आलो. या हिवाळ्यात मी पहिल्यांदा पुन्हा त्या स्टुलावर बसले. कारण काही नव्हतं. मटार सोलायला उजेड हवा होता. मी शेंगा सोलत राहिले, बाबा बाहेर तोंड करून बसलेले. मग सिग्नल बदलला आणि माझ्या तोंडून सवयीनं निघालं, "होम सिग्नल, पीला!" आणि डावीकडून, "होम सिग्नल, पीला!" त्या दिवसापासून रोज असंच. आधी मी, मग बाबा. बाबा आधी बोलत नव्हते. मला वाटलं, म्हातारपणी का होईना, मला असिस्टंटवरून ड्रायव्हर केलं. मी इतकी खूष होते की मिहिकाच्या बाबांनी विचारलं, पगार वाढला का.

आणि मागच्या रविवारी शुभांगीचा फोन आला. बाबा खिडकीशी बसले होते, फोन स्पीकरवर. तिचा आवाज ऐकून मी चप्पल काढून, पाय न वाजवता आत आले आणि उजव्या स्टुलावर हळूच टेकले. चोरून ऐकायलाच आले होते, खोटं कशाला सांगू. खिळ्याचं झालं, पोरांचं झालं, मग ती म्हणाली, "काका, उजवं स्टूल आता कोणाकडं?"

बाबांनी मान वळवली. थेट माझ्याकडे.

"आत्ता?" ते म्हणाले. "आत्ता रिकामंच आहे."

मी हातभर अंतरावर होते. माझा गुडघा त्यांच्या धोतराला लागायचाच काय तो बाकी होता. उठले आणि आल्या पावली बाहेर गेले. चार दिवस मी त्या खोलीत बसायला गेले नाही. चहा नेऊन ठेवायचे, तोही त्यांच्या हाताशी नाही, जरा लांब. बाबा कपासाठी टेबलावर हात फिरवत राहायचे आणि मला वाटायचं, फिरवू देत.

काल दुपारी मिहिकाचा तो निळा ठिपका पाहिला आणि सगळं पुन्हा वर आलं. पोरीला म्हणावं, नानाजींकडे जा, ते शिकवतील. पण मग बाबा म्हणतील, पोरीला नजर आहे. आणि मी पुन्हा मागच्या पलंगावर. पोटच्या पोरीचाही मत्सर करायला मी कमी करणार नाही, हे मला कळलं तेव्हा माझी मलाच भीती वाटली.

संध्याकाळी मी आत गेले आणि आवाज करून बसले. बाबांचा चेहरा उजळला. "आलीस? चार दिवस कुठं होतीस?" ऊन उतरत होतं. होम सिग्नल लाल होता, धुळीतही स्वच्छ दिसत होता, आणि अलीकडे एक मालगाडी खोळंबली होती. माझ्या मनात काय आलं ते मला चांगलं ठाऊक होतं. तीस वर्षं ते तिथंच होतं.

मी हात लांब केला. "होम सिग्नल, हरा!"

"होम सिग्नल, हरा!" बाबा लगेच म्हणाले. खणखणीत. हात पुढे, बोट ताठ.

बोट सिग्नलकडे नव्हतं. शेजारच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीकडे होतं.

मी त्यांच्याकडे पाहिलं. नीट, बहुधा कित्येक वर्षांनी. डोळे उघडे, रोखलेले, ऐटीत. आणि त्यांत सिग्नल नव्हता, टाकी नव्हती, मीही नव्हते. म्हणून ते आधी मी बोलायची वाट बघायचे. म्हणून टेबलावर कप शोधणं. म्हणून रविवारी माझ्याकडे वळून त्यांनी रिकामं म्हटलं. त्यांना ते खरंच रिकामं होतं.

'बाबा, बाहेर बघा.' वाक्य जिभेवर आलं होतं. मोजून शब्द, जसे मला मिळाले होते तसेच. मग मला त्यांच्या मेडिकल आठवल्या. डोळ्यांची तपासणी जवळ आली की आठवडाभर घरात कोणी मोठ्यानं बोलायचं नाही. त्यांच्याबरोबरचे शुक्लाजी रंग ओळखण्यात नापास झाले आणि इंजिनावरून टेबलाच्या कामावर गेले, तेव्हा बाबा महिनाभर त्यांच्या घराकडे फिरकले नव्हते. आई म्हणायची, हा माणूस मरणाला भीत नाही, डोळ्याच्या डॉक्टरला भितो. हे घर सगळं त्या दोन डोळ्यांवर उभं राहिलं होतं. आणि हा माणूस आता दिवसेंदिवस माझा आवाज ऐकून तेच परत बोलत होता, जरा चढवून, म्हणजे खरं वाटावं.

ते मला ओळखीचं होतं.

"बाबा, थांबा," मी म्हटलं. "मला नाही दिसलं."

आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं. वाटलं होतं तितकं जड नव्हतं.

बाबांचा हात हवेतच राहिला. मग जुना आवाज आला, इंजिनातला. "नाही दिसलं तर काय समजायचं?"

"लाल."

"मग तसं बोल."

"होम सिग्नल, लाल."

"होम सिग्नल, लाल," बाबा म्हणाले. मालगाडी हलली नाही. त्यांचा हात खाली आला, माझ्या स्टुलाची कड चाचपत राहिला आणि माझ्या मनगटाशी थांबला. आतून मिहिकाचा पाठांतराचा आवाज येत होता.

"नंदे," ते म्हणाले, "मलाही नाही दिसत गं."

मी त्यांचा हात धरला. सोमवारी सुट्टी टाकायची, डोळ्याच्या डॉक्टरांकडे न्यायचं, एवढं मनात पक्कं झालं. पण खरं सांगते, त्याच्या आधी, सगळ्यात आधी मनात आलं ते वेगळंच होतं. हे त्यांनी शुभांगीला सांगितलेलं नाही. मला सांगितलं. लाज वाटली मला माझी. पण मी स्टुलावरून उठले नाही.